प्रोग्रॅम चालला, पण तेरीज जुळली का?

संपादक महोदय,

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेतली हिशेबाची पॅकेजेस पायथन किंवा जावा या आजच्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये उतरवून देणारे आता पुष्कळ आहेत. एआयमुळे काम झटपटही होते. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्येच थांबवला, तेव्हा बदल करणे भागच आहे. पण आपल्या जिल्ह्यातील पतसंस्था आणि व्यापाऱ्यांनी ‘एरर येत नाही’ एवढ्यावर बिल चुकते करू नये.

समजा, व्याज निघाले १२२ रुपये ५० पैसे. फॉक्सप्रोचे राउंड १२३ देते, पायथनचे १२२. पायथन बरोबर अर्ध्यावरची रक्कम जवळच्या सम आकड्याकडे नेते. १२३.५० चे मात्र दोन्हीकडे १२४च होतात, त्यामुळे दोन-चार खाती चाळून हा फरक सापडत नाही. तो थेट तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या जुळणीत, उगवतो. पायथनमध्ये रकमा फ्लोटऐवजी (यात अपूर्णांक अंदाजे साठतो) डेसिमलमध्ये (यात तो नेमका साठतो) ठेवाव्यात, राउंड-हाफ-अप, म्हणजे अर्धा आला की वर, हे स्पष्ट सांगावे आणि आकडा अवतरणचिन्हांत द्यावा. फ्लोटमधून घेतला, तर ०.१ मागे नको असलेले शेपूट लावून येतो.

जावामध्ये पैशांतली रक्कम इंट या लहान पूर्णांकाच्या प्रकारात ठेवली, तर मर्यादा २,१४,७४,८३,६४७ पैसे, म्हणजे सुमारे दोन कोटी पंधरा लाख रुपये. त्यापुढे एरर येत नाही, ठेवींची बेरीज गुपचूप उणे होते. तिथे लाँग हा मोठ्या पूर्णांकाचा प्रकार हवा.

गावांच्या नावांची गोष्ट आणखी फसवी. फॉक्सप्रोमध्ये सेट एक्झॅक्ट ही तंतोतंत तुलनेची सेटिंग ऑफ असेल, तर बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडचा शब्द संपेपर्यंतच तुलना होते. ‘नाशिक’ शोधले की ‘नाशिकरोड’चे सभासदही यादीत येतात. पायथनमध्ये आधी एकही नाव येत नाही, कारण जुन्या रकान्यात नावापुढे रिकाम्या जागा भरलेल्या असतात. त्या छाटल्या की नाशिक येते, नाशिकरोड गळते. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रकान्याची रुंदीही बदलावी लागते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत ‘नाशिकरोड’ला २४ बाइट लागतात, २० बाइटांत कापले, तर ‘नाशिकर’ आणि पुढे दोन मोडके बाइट उरतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. ताळेबंद झालेल्या एका वर्षाच्या डेटाची प्रत घ्यावी. जुन्या प्रोग्रॅममधून व्याजयाद्या, खतावण्या, रोजकीर्दीच्या बेरजा टेक्स्ट फाइलमध्ये काढाव्यात, नव्यातून त्याच काढाव्यात आणि ओळीला ओळ ताडून पाहावी. २९ फेब्रुवारी, ३१ मार्च, कोरी तारीख, शून्य शिल्लक आणि बंद खाती त्यात हवीतच. एआयकडून भाषांतर करून घेतले, तर चाचण्यांची अपेक्षित उत्तरेही त्याच्याकडूनच घेऊ नयेत, ती जुन्या प्रोग्रॅमनेच द्यावीत.

भाषांतर चालू असताना सुधारणाही करू नयेत. जुन्यात चूक सापडली, तर ती वहीत टिपून जशीच्या तशी नव्यात आणावी आणि आकडे जुळल्यावर वेगळी दुरुस्त करावी. नाहीतर फरक भाषेचा की दुरुस्तीचा, हे कुणालाच सांगता येत नाही. (प्रोग्रॅमरला हे फार जड जाते.)

वर्कऑर्डरमध्येच लिहून घ्यावे: दोन्ही प्रोग्रॅम तीन महिने शेजारी-शेजारी चालतील, त्यात ३१ मार्च येईल आणि शेवटचा हप्ता तेरीज पैशापर्यंत जुळल्यावरच मिळेल.

– एक प्रोग्रॅमर, इंदिरानगर, नाशिक