सार्कॉइडोसिस हे नाव समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सादर नमस्कार.

पॅथॉलॉजी विभागाच्या खिडकीशी दादाचा बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन उभी असलेली मी तुम्हाला आठवत असेन का, माहीत नाही. तुमच्यासमोर रोज कितीतरी नातेवाईक येत असतील. पण तुमचे आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दादाच्या छातीतल्या लसिका ग्रंथी सुजल्या होत्या. रिपोर्ट हाती येण्याआधीच कुणीतरी फोनवर 'सार्कोमा', म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, असं सांगितलं आणि घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही धीराचे शब्द बोलत बसला नाहीत. कोरा कागद ओढलात आणि दोन्ही नावं इंग्रजीत एकाखाली एक लिहिलीत. एस, ए, आर, सी, ओ: पहिली पाच अक्षरं तीच. पुढे एकीकडे 'एम, ए', दुसरीकडे 'आय, डी, ओ, एस, आय, एस'. त्या 'आय'खाली दोनदा रेघ मारून म्हणालात, "इथून पुढे आजारच वेगळा. हा कॅन्सर नाही." मग देवनागरीत, तोडून तोडून: सार-कॉइ-डो-सिस.

अर्थही सांगितलात. ग्रीकमध्ये 'सार्क' म्हणजे मांस, 'ऑइड' म्हणजे सारखं दिसणारं, 'ओसिस' म्हणजे अवस्था. नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोक यांना १८९९ मध्ये एका रुग्णाच्या कातडीवरच्या गाठी सार्कोमासारख्या वाटल्या, पण त्या घातक नव्हत्या. तिथून हा 'सार्कॉइड' आला. म्हणजे आम्हाला ज्या शब्दाने घाबरवलं, त्याच्याशी असलेलं साम्य नावातच होतं, आणि तेही फक्त दिसण्यापुरतं!

मायक्रोस्कोपमधून स्लाइड दाखवलीत, ते तर मी जन्मात विसरणार नाही. गुलाबी पेशींचे घट्ट पुंजके, म्हणजेच या आजाराच्या गाठी, आणि मधूनच एखादी भलीमोठी पेशी. क्षयाच्या गाठींत बऱ्याचदा मधला भाग मेलेला दिसतो, इथे तसं नाही, तरी क्षयाची तपासणी करून घेतली आहे, हेही न विचारता सांगितलंत.

"पण दादाच्या अंगावर तर एक डाग नाही," मी म्हणाले. तेव्हा तुम्ही सांगितलंत की नाव कातडीवरून पडलं, आजार मात्र फुप्फुसं, ग्रंथी, डोळे, हृदय, यकृत, नसा, कुठेही घर करू शकतो. डोळे तपासून घ्या, ईसीजी आणि कॅल्शियम बघायला सांगा, आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण या गाठी त्या जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप स्वतःच तयार करून कॅल्शियम वाढवू शकतात. दादा त्या गोळ्या घेत होता. छातीच्या डॉक्टरांनी त्या लगेच थांबवल्या.

मला मनापासून वाटतं, अशा आजाराचं नाव रुग्णाला त्याच्या लिपीत लिहून देणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा. नाव नीट आलं की पुढच्या डॉक्टरांना नीट सांगता येतं, विम्याचे कागदही अडत नाहीत.

तुमच्या सांगण्यावरून डोळे तपासले. आत सूज निघाली. दादाला ना दुखत होतं, ना धूसर दिसत होतं. वेळेत थेंब सुरू झाले आणि सूज उतरली आहे. छातीसाठी सध्या औषध नाही, फक्त ठरलेल्या तारखांना तपासणी. हे तुम्हाला कळावं, म्हणूनही लिहिलं.

तुमची ऋणी,
एका रुग्णाची धाकटी बहीण