कॅसिनोच्या फायलीवर सही करणाऱ्यांचे हितसंबंध

संपादक महोदय,

गोव्यात मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांचा विषय निघाला की महसूल किती आणि संस्कृतीची हानी किती, यातच आपला सगळा वेळ जातो. ज्यांच्या सहीने ही जहाजे तिथे उभी राहतात, त्यांचे किंवा त्यांच्या घरच्यांचे या धंद्याशी काही देणेघेणे आहे का, हा प्रश्न मात्र मागे राहतो. हे पत्र त्याबद्दल आहे.

आधी सह्या मोजू. 1992 साली गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा, 1976 यात 13 अ हे कलम आले आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार कायदेशीर झाला. 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरच्या खेळांनाही वाट मिळाली. आज एक जहाज चालू ठेवायला या कलमाखालचा परवाना लागतो, नांगरायला आणि धक्का वापरायला बंदर कप्तान खात्याची मान्यता लागते, सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, दारूसाठी अबकारी खात्याचा परवाना, खानपानासाठी अन्न व औषध प्रशासन, किनाऱ्यावरच्या तिकीट कार्यालयासाठी महापालिका. वर वस्तू व सेवा कर आहेच. शिवाय मांडवीत राहण्याची मुदत वर्षानुवर्षे मंत्रिमंडळाने, बहुधा सहा-सहा महिन्यांनी, वाढवून दिलेली आहे. म्हणजे खालच्या निरीक्षकापासून मंत्र्यापर्यंत कितीतरी माणसे या एका धंद्याच्या नफ्या-तोट्यावर हात ठेवून बसलेली असतात, आणि प्रत्येक नूतनीकरणाला ती पुन्हा त्याच जागी येतात.

यांच्यासाठी नियम आहेत का? आहेत, पण प्रत्येकात एक फट आहे.

आमदारांपासून सुरुवात करू. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चे कलम 9 अ सरकारी कंत्राट असलेल्याला अपात्र ठरवते. पण ते कंत्राट सरकारला माल पुरवण्याचे किंवा सरकारचे काम करण्याचे असावे लागते. कॅसिनोचा परवाना यातले काहीच नाही. त्यामुळे गटाराचे काम घेणारा आमदार अडकतो आणि परवान्यावर चालणाऱ्या जुगाराच्या धंद्यात भागीदार असलेला या कलमाखाली मोकळा राहतो. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही तरी आहे. संचालकपद, नियमित मानधनाचे काम, नियंत्रण ठेवण्याइतके शेअर, सल्लागारी आणि व्यावसायिक नेमणूक, अशी पाच प्रकारची माहिती तीत द्यावी लागते. लोकसभेत तशी नोंदवही नाही.

मंत्र्यांसाठीची केंद्र आणि राज्य या दोघांना लागू असलेली आचारसंहिता या बाबतीत बरीच पुढची आहे, आणि ती फारच कमी लोकांनी वाचलेली असते. सरकारच्या परवान्यावर, परमिटवर किंवा भाडेपट्ट्यावर मुख्यतः चालणाऱ्या धंद्यातला आपला सगळा हिस्सा आणि कारभार मंत्र्याने सोडावा, असे तीत स्वच्छ लिहिले आहे. कॅसिनोला याहून नेमके वर्णन सापडणार नाही. पण पुढचेच वाक्य वाचा: जोडीदार वगळता, आधीपासून त्या धंद्याशी संबंधित असलेल्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे किंवा नातेवाइकाकडे तो हिस्सा सोपवता येतो. म्हणजे बायकोच्या नावावर चालत नाही, भावाच्या नावावर चालते. त्यात ही संहिता म्हणजे कायदा नव्हे. राज्यातल्या मंत्र्याने ती पाळली की नाही, हे मुख्यमंत्र्यांनी पाहायचे.

सरकारी नोकरांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 लागू आहेत. नियम 4 म्हणतो की कुटुंबातले कोणी ज्या कंपनीत नोकरीला आहे किंवा कुटुंबाचा ज्या बाबतीत हितसंबंध आहे, ती बाब कर्मचाऱ्याने हाताळू नये, वरिष्ठाकडे पाठवावी. नियम चांगला आहे. पण ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या जोडीदार आणि पूर्णपणे अवलंबून असलेली मुले व नातेवाईक एवढ्यावरच थांबते. स्वतः कमावता भाऊ, मेव्हणा, साडू, भाचा व्याख्येबाहेर. आणि या धंद्यात हितसंबंध शेअरच्या कागदावर क्वचितच बसलेला असतो. तो बसतो प्रवाशांना जहाजावर नेणाऱ्या फेरीबोटीच्या ठेक्यात, सुरक्षारक्षक आणि मनुष्यबळ पुरवण्याच्या कामात, भाजी-मासळीच्या पुरवठ्यात, पार्किंगसाठी भाड्याने दिलेल्या जागेत, वकिलाच्या किंवा लेखापालाच्या वार्षिक मानधनात. वार्षिक मालमत्ता विवरणात फ्लॅट दिसतो, गाडी दिसते, दागिने दिसतात. भाच्याचा फेरीबोटीचा ठेका दिसत नाही.

शेअरचीही एक गोष्ट सांगायला हवी. कॅसिनो चालवणारी कंपनी बाजारात नोंदलेली असेल, तर कर्मचाऱ्याने वर्षभरातल्या सगळ्या शेअर व्यवहारांची माहिती केव्हा द्यायची? त्या व्यवहारांची बेरीज सहा महिन्यांच्या मूळ वेतनाहून जास्त झाली तर. त्याखाली एखादा एकच व्यवहार दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून मोठा असेल तर तेवढा कळवावा लागतो, बाकीचे काही नाही. मुदतवाढीचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी चार टेबलांवरून गेलेला असतो. त्या चार टेबलांसाठी ही मर्यादा शून्य असायला हवी.

मग पाहुणचार. भेटीच्या नियमात फुकट प्रवास, राहणे आणि जेवण हीसुद्धा भेटच मानली आहे. गट अ आणि ब, म्हणजे वरच्या दोन श्रेणींतल्या कर्मचाऱ्यांसाठी परवानगीशिवायची मर्यादा 2019 पासून 5,000 रुपये आहे. मात्र सहज घेतलेले जेवण किंवा सामाजिक पाहुणचार भेटीत मोजत नाहीत. कॅसिनोत घोटाळा होतो तो इथेच. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवण, पेये आणि काही रकमेच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळात लावायच्या चकत्या, एकत्र असतात. कॉम्प्लिमेंटरी पास दिला की घेणारा म्हणतो, मी फक्त जेवलो. खेळायला दिलेल्या चिप्स थेट रोखीत बदलता येत नाहीत, म्हणून त्यांची किंमत शून्य धरली जाते. पण त्यावर जिंकलेल्या चिप्सचे गल्ल्यावर पैसे मिळतात. त्यामुळे इथे रुपयांची मर्यादा घालून काही साधणार नाही. ज्या खात्याचा कॅसिनोशी कामकाजाचा संबंध आहे, त्यातल्या कोणीही तपासणीच्या लेखी आदेशाशिवाय जहाजावर पाऊल ठेवू नये, आणि तपासणीला गेल्यावर पाण्याखेरीज काही घेऊ नये, एवढा सरळ नियम हवा. तो पडताळताही येतो. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली कॅसिनोंना ग्राहकांची ओळख पटवून नोंदी ठेवाव्याच लागतात.

निवृत्तीनंतरचे नियमही असेच अर्धवट आहेत. खासगी नोकरी धरण्याआधी एक वर्ष परवानगी लागते ती गट अ च्या अधिकाऱ्यांना. ठरावीक दिवसांत नकार कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे धरले जाते. प्रत्यक्ष तपासणी करणारा गट ब चा निरीक्षक महिनाअखेरीस निवृत्त होऊन पहिल्या तारखेला त्याच कंपनीत रुजू झाला, तर त्याला अडवणारे काही नाही. कोणत्या तपासणीत काय पाहतात आणि काय पाहायचे राहून जाते, हे सर्वांत चांगले त्यालाच ठाऊक असते.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने अटलांटिक सिटीसाठी 1977 साली कॅसिनो कायदा केला, तेव्हा नियंत्रण आयोगाच्या सदस्यांना पद सोडल्यावर चार वर्षे परवानाधारकाकडे नोकरी किंवा हिस्सा घ्यायला बंदी घातली. तरीही 1980 च्या अ‍ॅबस्कॅम या लाचखोरीच्या प्रकरणात आयोगाच्या उपाध्यक्षाचे नाव आले. त्यानंतर तिथल्या राज्याने हात झटकले नाहीत. पुढे त्या राज्याचा हितसंबंध कायदा अधिकाऱ्याच्या जवळच्या कुटुंबीयांपर्यंत आणि तो ज्या फर्ममध्ये भागीदार आहे त्या फर्मपर्यंत नेण्यात आला, आणि पद सोडल्यानंतरची बंदीही त्यात आली. जुगाराला परवानगी द्यायची तर एवढी खबरदारी घ्यावी लागते, हे तिथे ठोकर खाऊन शिकले.

आपल्याकडे करता येण्यासारखी गोष्ट साधी आहे. वर्षातून एकदा भरायच्या विवरणाऐवजी फायलीगणिक घोषणापत्र हवे. फायलीच्या पहिल्या पानावर तीन नावे ठळक असावीत: परवानाधारक कंपनी, तिची मूळ कंपनी, आणि जहाजाचे नाव. फलकावरचे नाव, जहाजाचे नाव आणि कंपनीचे नाव बरेचदा वेगवेगळे असते, त्यामुळे प्रामाणिक कारकुनालाही आपला मेव्हणा याच कंपनीकडे कामाला आहे, हे फायलीवरून कळत नाही. त्याखाली टिप्पणी लिहिणाऱ्या प्रत्येकाने लिहावे की नोकरी, पुरवठा, भाडे, मानधन किंवा शेअर यांपैकी कोणत्याही रूपाने, अवलंबून असोत वा नसोत, माझ्या भावंडांपर्यंतच्या आणि जोडीदाराच्या भावंडांपर्यंतच्या नात्यात कोणाचा या तीन नावांशी संबंध नाही. असेल तर फाइल दुसऱ्याकडे जावी आणि तशी नोंद व्हावी. पडताळणीसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची यादी आणि एमजीटी-7 हे वार्षिक विवरण मिळते. पण खऱ्या लाभधारकाची, म्हणजे नाव कोणाचेही असो, प्रत्यक्षात हिस्सा ज्याचा आहे त्याची, घोषणा 10 टक्के हिश्श्यापासून सुरू होते, म्हणून परवान्याच्या अर्जातच 1 टक्क्यापासूनची यादी मागावी, आणि पुरवठादारांची व घरमालकांचीही.

नियामकाबद्दलही बोलले पाहिजे. 2020 मध्ये गेमिंग कमिशनरचे, म्हणजे कॅसिनोंवर देखरेख ठेवण्याचे, काम व्यावसायिक कर आयुक्तांकडे दिले गेले. इथे व्यक्तीवर शंका नाही, पदांच्या जोडणीवर आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्सच्या पूर्ण दर्शनी किमतीवर 28 टक्के आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के कर आहे. ज्या खात्याचे यश वसुलीच्या आकड्यावर मोजले जाते, त्याच खात्याच्या प्रमुखाने परवाना निलंबित करून ती वसुली थांबवावी, ही अपेक्षा कशी ठेवायची? गेमिंग कमिशनर पूर्ण वेळ, वेगळ्या खात्याचा आणि ठरावीक मुदतीचा असावा.

कायदा बदलायला अधिवेशन लागेल. पण एक काम आजच्या आचारसंहितेतच बसते. मंत्र्यांनी दर वर्षी 31 ऑगस्टपर्यंत आपल्या मालमत्तेचे विवरण मुख्यमंत्र्यांना द्यायचे असते. परवान्यावर चालणारे कुटुंबाचे आणि नातलगांचे धंदे त्याच कागदावर मागून घ्यावेत, आणि मांडवीतली मुदतवाढ पुढच्या वेळी मंत्रिमंडळापुढे येईल तेव्हा बैठकीत कोण बसले आणि कोण उठून गेले, हे इतिवृत्तात लिहून लोकांसमोर ठेवावे.

आपला,
एक वाचक, फोंडा