आई-बाबा, पुढेही मातीचंच शिकायचं ठरवलंय

आई, बाबा,

फोनवर बोलून पुरत नाही म्हणून लिहितेय. परवा बाबांनी विचारलं की डिग्री होत आली, आता पुढे अजून माती माती काय करायचंय, पिकांचं घे, बियाण्यांच्या कंपनीत जा, आणि मागून आई तुझा आवाज आला की तिला हवं ते करू दे फक्त वेळेवर जेव म्हणावं. मला सांगायचं एवढं होतं की कुठून सुरू करू तेच कळेना. आता सावकाश सांगते. बाबा, डोळ्यांना त्रास झाला तर आईला मोठ्याने वाचायला सांगा, तिलाही ऐकायचंच आहे.

पिकांचं मला आवडतं, अजिबात आवडत नाही असं नाही. पण पीक शिकताना प्रत्येक प्रश्न शेवटी खाली मातीतच जातो. पान पिवळं का पडलं? नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी. मग नत्र तर दिलं होतं ना, ते गेलं कुठे? आणि इथून पुढे जे सुरू होतं ना ते सगळं मातीचं.

युरिया घ्या. आपण टाकतो तेव्हा त्यातलं नत्र पिकाला लगेच मिळतं असं वाटतं, पण मातीतलं युरिएज नावाचं एन्झाइम आधी त्याचा अमोनियम करतं, आणि हे जर वर उघड्यावर झालं, माती गरम असेल, सामू (पीएच) जास्त असेल, तर बराच भाग अमोनिया होऊन हवेत उडून जातो. म्हणून टाकल्यावर मातीआड करा किंवा लगेच हलकं पाणी द्या असं सांगतात. मग पुढे जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. आता इथे खरी गंमत आहे बाबा. चिकणमातीचा कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पुस्तकाच्या पानांसारखा पातळ थरांचा दिसतो आणि त्या पानांवर ऋण भार असतो, त्यामुळे धन भाराचा अमोनियम, कॅल्शियम, पालाश (पोटॅश) हे सगळे तिथे धरून ठेवले जातात, पण नायट्रेटचा भारही ऋणच, त्याला कोणी धरत नाही, जोराचा पाऊस आला की ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. आणि पाणी साचून राहिलं तर अजून वेगळंच होतं, हवा नसली की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं, त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड असतो जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट जास्त उष्णता धरतो. एका खताच्या गोणीत एवढं सगळं! त्यामुळे हप्त्याहप्त्याने द्या म्हणतात त्यामागे कारण आहे, आणि कारण कळलं की कुठल्या शेतात किती हप्ते करायचे ते आपलं आपल्याला ठरवता येतं, कारण वाळूच्या जमिनीत आणि भारी जमिनीत ते सारखे नसतात.

म्हणून मला कोणी म्हटलं की रासायनिक खत म्हणजे विष, तर ते पटत नाही. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करायची पद्धत फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये करून दाखवली, कार्ल बॉशने ती कारखान्यात आणली, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला पहिला कारखाना सुरू झाला, आणि आज जगातल्या साधारण निम्म्या लोकांचं अन्न त्या नत्रावर उभं आहे असा अंदाज आहे. पण दुसऱ्या बाजूने नुसतं खत टाकत राहा, मातीकडे बघायचंच नाही, हेही मला पटत नाही. दोन्हीकडचे लोक जोरात बोलतात आणि मातीचा रिपोर्ट कोणीच हातात घेत नाही, याचा मला खरंच राग येतो.

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड म्हणून संस्था आहे, तिथे ब्रॉडबाक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा एक प्रयोग सुरू आहे आणि तो अजून थांबलेला नाही. लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी सुरू केला, ते जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली. एका तुकड्याला काहीच द्यायचं नाही, एकाला शेणखत, बाकीच्यांना वेगवेगळी खतं, आणि दरवर्षी मोजायचं. काहीच न दिलेला तुकडा अजूनही हेक्टरी साधारण एक टन गहू देतो. शेणखत दिलेल्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत राहिलेला कार्बन, काहीच न दिलेल्या तुकड्याच्या दुपटीहून जास्त झालाय, पण तो एका-दोन वर्षांत नाही झाला, कित्येक दशकं हळूहळू चढत गेला. आणि जुने मातीचे नमुने त्यांनी बाटल्यांत भरून जपून ठेवलेत, आजचं मशीन घेऊन तेव्हाची माती तपासता येते. हे वाचलं तेव्हा माझं ठरलं असं म्हणायला हरकत नाही. पिकाचं उत्तर एका हंगामात मिळतं, मातीचं उत्तर मिळायला माणसं पिढ्यानपिढ्या मोजत राहावी लागतात, आणि मला त्या मोजणाऱ्यांत असायचंय.

बाबा तुम्ही मागे वैतागून म्हणाला होतात ना, की इतकं शेणखत घातलं तरी रिपोर्टमध्ये कर्बाचा आकडा जागचा हलला नाही, मग उपयोग काय. त्याचा हिशोब देते. एक हेक्टर जमिनीचा वरचा पंधरा सेंटीमीटरचा थर धरला तर त्याचं वजन साधारण २२ लाख किलो भरतं. त्यात कर्ब नुसता ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे २२०० किलो कर्ब तिथे टिकून राहायला हवा, आणि आपण टाकतो त्यातला बराचसा तर जिवाणू खाऊन श्वासावाटे हवेत सोडतात. त्यामुळे आकडा हलायला वेळ लागणारच. पण आकडा हलायच्या आधी दुसऱ्या गोष्टी हलतात, ढेकूळ लवकर फुटतं, पाऊस पडल्यावर पाणी वर तुंबत नाही, गांडुळं दिसायला लागतात. हे बघत राहा, सोडू नका. आणि काडीकचरा पेटवणं तेवढं पूर्ण बंद करा प्लीज, त्यातला कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं.

आम्हाला एका कोर्सला खड्डा खणून माती वाचायला शिकवतात. माणूस छातीएवढा आत उभा राहील इतका खोल, मग एक भिंत सुरीने तासून साफ करायची आणि वरून खाली एकेक थर लिहायचा, रंग मुन्सेल नावाच्या, मातीचे रंग छापलेल्या पुस्तकाशी ताडून. वरचा थर काळपट म्हणजे कर्ब आहे, खाली चिकणमाती झिरपून बसलेला घट्ट थर, त्याच्याखाली कुजका खडक. राखाडी-निळसर रंग लागला की समजायचं इथे पाणी साचून राहतं, हवा पोचत नाही, आणि राखाडीत तांबूस ठिपके असले तर तिथे पाणी चढतं आणि उतरतं, कारण हवा मिळाली की लोखंड गंजतं. म्हणजे उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत खड्डा खणला तरी पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं ते भिंतीवर लिहिलेलं असतं! रशियात दोकुचाएव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये तिथल्या काळ्या मातीवर लिहिताना हेच सांगितलं होतं की माती म्हणजे नुसता दळलेला खडक नाही, तो एक स्वतंत्र पदार्थ आहे, आणि तो हवामान, सजीव, उतार, मूळ खडक आणि काळ यांनी मिळून घडतो. पुढे १९४१ मध्ये हान्स जेनीने हेच पाच घटक सूत्रात मांडले. काळ हा त्यातला असा घटक आहे की तो आपल्याला विकत घेता येत नाही, एक सेंटीमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागू शकतात आणि एका जोरदार पावसात ती वाहून जाऊ शकते.

आणि माहितीये का, चांगल्या मातीत जेमतेम निम्मीच माती असते, बाकी निम्मी जागा पोकळ असते, त्यात अर्धं पाणी अर्धी हवा. मुळं त्या पोकळीत जगतात. ओल्या शेतात ट्रॅक्टर घातला की तीच पोकळी दबते. ते मोजतात कसं, तर ठरावीक मापाची लोखंडी रिंग मातीत ठोकून बाहेर काढायची, १०५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये पूर्ण वाळवायची, वजन करायचं आणि रिंगच्या आकारमानाने भागायचं. चिकणमातीत हा आकडा घन सेंटीमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास गेला की मुळं खाली जायला कचरतात. बाबा, तुम्ही मूठभर माती दाबून गोळा करून टाकता आणि तो फुटला तरच वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आलाय म्हणता, आमच्या लॅबमध्ये जवळपास हेच करतात, माती वळून तीन मिलिमीटरचा दोरा करायचा, तो न तुटता झाला तर माती अजून मशागतीला जास्त ओली आहे. मी प्रॅक्टिकलच्या वहीत लिहिताना सारखे तुम्ही डोळ्यासमोर होता. तुम्ही हे कुठल्याही पुस्तकाशिवाय केलंय, आणि बरोबर केलंय.

आई, तुझंही सांगायचंय. दरवेळी पिकाची फेरपालट करताना तू हट्टाने म्हणायचीस ना एक तरी कडधान्य मध्ये पाहिजे, आणि सगळे म्हणायचे त्यात काय एवढे पैसे मिळतात. आता फुलावर आलेलं एक झाड हलक्या हाताने माती सैल करून मुळासकट उपट, मुळावर गाठी दिसतील, एखादी नखाने फोडून बघ. आत गुलाबी-लालसर असेल तर आतले रायझोबियम जिवाणू कामावर आहेत, हवेतलं नत्र पिकाला देतायत. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्याच्या नात्यातला, जिवाणूंना ऑक्सिजन मोजूनमापून पुरवायला. आतून पांढरी किंवा हिरवट असली तर काम सुरू झालेलं नाही किंवा संपलंय. हेलरीगेल आणि विलफार्थ या दोन जर्मन संशोधकांनी हे १८८८ मध्ये सिद्ध केलं, तोपर्यंत द्विदल पिकानंतर जमीन सुधारते एवढंच लोकांना माहीत होतं, का ते नव्हतं माहीत. तुझं बरोबर होतं एवढंच सांगायचंय.

आता नोकरीचं. तुम्हाला काळजी वाटणार, साहजिक आहे. माती परीक्षणाच्या लॅब आहेत, पाणी व्यवस्थापन आहे, सॅटेलाइटवरून जमिनीचे नकाशे करायचं काम आहे, संशोधन आहे, शिकवणं आहे. जगातल्या जमिनीच्या वरच्या एक मीटरमध्ये साधारण १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे, सगळ्या वातावरणात असतो त्यापेक्षा जास्त, त्यामुळे तो मोजता येणारी माणसं आता सगळीकडे लागतायत. २०२० चं वर्ल्ड फूड प्राइझ रतन लाल यांना मिळालं ते मातीच्याच कामासाठी. मी उपाशी राहणार नाही. एम.एस्सी.ला दोन वर्षं अजून जातील, तेवढी मला द्या. स्कॉलरशिपसाठी अर्ज करतेय, मिळाली नाही तर लॅबमध्ये पार्ट टाइम काम करीन, तुम्ही त्यासाठी काही विकायचा किंवा कर्ज काढायचा विचार मनात आणू नका.

पण एका गोष्टीची मला तुमच्याकडून गरज आहे. इथे मला जे शिकवतात ते कुठल्याही मातीचं असतं. आपल्या त्या एका तुकड्याचं, म्हणजे कुठल्या कोपऱ्यात पाणी थांबतं, कुठे नांगर अडकतो, पूर्वी कुठे काय होतं, कुठल्या वर्षी काय घातलं आणि काय आलं, ते फक्त तुम्हा दोघांच्या डोक्यात आहे. बाबा, गुडघे दुखत असताना शेतभर फिरू नका, बसल्या बसल्या एका वहीत शेताचा आकार काढा आणि आठवेल तसं लिहा, आई आठवण करून देईल, तिला वर्षं तुमच्यापेक्षा चांगली लक्षात असतात. लिहायचा कंटाळा आला तर बोलून रेकॉर्ड करा, मी उतरवून घेईन. त्याच्यावरून कुठे खड्डा घ्यायचा, कुठून नमुने काढायचे ते ठरवता येईल.

आणि नमुने काढायला शेजारच्या कोणाला तरी सांगा, पण पद्धत नीट सांगा. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताचा ढीग होता तिथे, वाटेवर घ्यायचं नाही. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही सारखा खड्डा घ्यायचा, साधारण वीतभर खोल, आणि त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत एकसारखी पातळ चकती काढायची. सगळं स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत, जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत नको, नाहीतर जस्ताचा आकडा खोटा येईल. मग पसरून चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. खोलगट भाग आणि वरचा भाग यांचे नमुने वेगळे ठेवायचे, मिसळायचे नाहीत. एवढं सांगतेय कारण लॅबमध्ये कर्बासाठी त्यातली जेमतेम एक ग्रॅम माती घेतात, त्या एका ग्रॅमला २२ लाख किलोंबद्दल बोलायचं असतं, नमुना चुकीचा घेतला तर पुढचं मशीन कितीही भारी असलं तरी काही खरं नाही.

पेरणीच्या आत रिपोर्ट आला पाहिजे म्हणजे उपयोग होईल, त्यामुळे फार लांबवू नका. आला की फोटो पाठवा. सामू आणि ईसी (मातीत क्षार किती ते) आधी बघू, मग कर्ब, मग स्फुरद (फॉस्फरस), कारण दरवर्षी स्फुरद टाकून टाकून बऱ्याच जमिनीत ते साठलेलं असतं आणि जास्त झालं की पिकाला जस्त घेता येत नाही, तर कदाचित यंदा स्फुरदाची गोणी आणायचीच गरज नसेल. तोपर्यंत कोणी काही सांगितलं तरी खत घेऊन ठेवू नका.

तुमची लेक