सांबार म्हटलं तं मार्क शून्य?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझी लहान बहीण मानसशास्त्रात एमए करते, प्रोजेक्टसाठी तिला माणसं पाहिजे होती तं सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर आमच्याच गावात मारुतीच्या पारावर तीस जण गोळा केले, चहा माझ्याकडून. टेस्ट साधी, १५ शब्द एकामागून एक ऐकवायचे अन् मंग आठवतील तेवढे सांगायचे. यादी कॉलेजातून छापून आलेली होती.

आमची मोठी माय बसली. यादीत बटाटा, कोथिंबीर, विळा, गुडघा असे शब्द होते. तिनं डोळे मिटले अन् धडाधड सांगितलं, आलू, सांबार, इळा, टोंगळा... (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नाही.) बहिणीनं सगळं लिहून घेतलं, पण गाईड म्हणाले शब्द जसाच्या तसा आला तरच मार्क. म्हणजे जी बाई सीझनभर कोणी किती किलो कापूस वेचला ते न लिहिता सांगते तिची स्मरणशक्ती कमी, असं आता जर्नलात जाणार!

गाईडला दोष देत नाही, त्यांनाही यादी वरूनच आलेली असणार. पण बहिणीनंच मला सांगितलं की १९३२ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या संशोधकानं असाच प्रकार छापला होता, त्यानं इंग्लंडच्या लोकांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली अन् काही वेळानं, काहींना तं लय दिवसांनी, परत सांगायला लावली. गोष्टीतल्या डोंगीची लोकांनी बोट करून टाकली, सील नावाचा समुद्रातला प्राणी मारायला गेलेले लोक मासे धरायला गेले असं सांगितलं. त्यानं यांना नापास नाही केलं, उलट हे बदल काहून होतात तेच तपासलं अन् म्हणाला की माणूस ऐकलेलं आपल्या ओळखीच्या साच्यात बसवून लक्षात ठेवतो. मंग साहेबाची बोट चालते अन् आमचा सांबार काहून चालत नाही?

दुसरी टेस्ट रंगांची होती, स्ट्रूप नावाच्या संशोधकाची, १९३५ पासूनची. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो अन् आपण शाईचा रंग सांगायचा. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो सारखा अडखळला, कारण वाचता येणाऱ्याला शब्द न वाचता राहताच येत नाही. मोठी मायला अक्षर येत नाही, तिनं भराभर रंग सांगितले अन् पुतण्याकडे पाहून अशी हसली की पार हलला. तिचा डेटा काढून टाकायला सांगितला, ते मला पटलं, ही टेस्टच वाचता येणाऱ्यांसाठी आहे. पण मंग दोन्हीकडे एकच न्याय लावा ना, भाषा आडवी आली तं शब्दांच्या टेस्टमधेही तसंच धरा.

२०१० साली जोसेफ हेनरिक नावाचा संशोधक अन् त्याच्या साथीदारांनी मोठा लेख लिहून हेच सांगितलं की मानसशास्त्राचे बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य देशातल्या कॉलेजच्या पोरांवरून काढलेले अन् लावले मात्र सगळ्या जगाला. बाणाच्या टोकांच्या दोन सारख्याच लांबीच्या रेघा, ज्यात एक लांब दिसते, तिथंही इंग्रज संशोधकांच्या १८९८ च्या मोहिमेत ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे लोक इंग्रजांपेक्षा कमी फसले होते. मंग आपल्या विद्यापीठांनी एकच छापील यादी साऱ्या महाराष्ट्रात काहून फिरवायची? यवतमाळात कोलामी बोलणारं पोरगं आहे, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, त्यांना मराठी यादीवर मोजलं तं आपण त्यांची आठवण मोजतो का मराठी, हेच कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोजेक्टच्या फॉर्मात एक जास्तीचा रकाना द्या, जिथं माणसानं सांगितलेला गावचा शब्द लिहिता येईल, अन् त्याचे मार्क द्या. यादी करायच्या आधी पोरांना दोन दिवस त्या गावात बसू द्या. खर्च काही नाही, चहा आम्ही पाजतो.

बहीण सध्या दुसरी यादी करायला बसली आहे. मोठी माय बाजूला बसून सांगते, "पऱ्हाटी लिही, कुटार लिही, धुरा लिही," अन् मंग विचारते, "हे मलाच इचारशीन का वं?"

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ