सर, स्कोअरच्या वह्या रद्दीत घालू नका

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

या मे अखेर तुम्ही निवृत्त होताय असं कळलं. निरोप समारंभात विद्यापीठाच्या संघात गेलेल्या मुलींची नावं घेतली जातील, आणि ती घ्यायलाच हवीत. माझं नाव त्यात नसेल. मी पहिल्या नऊ जणींत कधी आलेच नाही. म्हणून हे पत्र इथे, सगळ्यांसमोर.

वेंगुर्ल्यात मैदान म्हटलं की क्रिकेट, तेही टेनिस बॉलचं. तिथे तुम्ही मुलींना बेसबॉलसारखा सॉफ्टबॉल शिकवायला घेतलात. आपलं मैदान म्हणजे जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती. बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या ठरलेल्या जागी, घसरत स्लाइड मारली की गुडघे सोलवटलेच. म्हणून तो सराव तुम्ही ओहोटीच्या वेळी पुळणीवर घ्यायचात. ओल्या वाळूत काठीने रेघा, बेसमधलं अंतर ६० फूट, चेंडू टाकणारी पिचर ४३ फुटांवर, आणि सगळं टेपने मोजून. पावलं टाकून मोजलेलं तुम्हाला चालायचं नाही. भरती आली की इनिंग संपली! पावसात ग्लोव्हजना बुरशी धरते म्हणून ते तुम्ही घरी नेऊन चुलीच्या वर टांगायचात. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला की आमच्या हातांना धुराचा वास. काकूंनी त्यावरून तुम्हाला काय काय ऐकवलं असेल ते त्याच जाणोत.

आमच्या घरी तुम्ही आलात तेव्हा बाबांनी थेट विचारलं, "बॉल चेडवाच्या तोंडार लागलो तर लगीन कसा होतला?" तुम्ही वाद घातला नाहीत. पिशवीतून कॅचरचा मास्क काढून बाबांच्याच तोंडावर चढवलात आणि वरून टकटक केलंत. आतून आईचं हसू ऐकू आलं. विषय मिटला.

पण खेळात मी कच्चीच राहिले. थर्ड बेसवरून फेकलेला माझा चेंडू फर्स्टपर्यंत टप्पे खात जायचा. दुसऱ्या कुणी घरी बसवलं असतं. तुम्ही शेजारी बसवलंत आणि स्कोअरची वही हातात दिलीत. त्यात प्रत्येक जागेला एक आकडा. पिचर १, कॅचर २, फर्स्ट ३, सेकंड ४, थर्ड ५, सेकंड-थर्डच्या मधली शॉर्टस्टॉप ६, मग मागच्या मैदानातल्या लेफ्ट, सेंटर, राइट. शॉर्टस्टॉपने उचललेला चेंडू सेकंडला, तिथून फर्स्टला, दोघी बाद, की चौकटीत ६-४-३. एकदा आपल्या कॅप्टनच्या हातून सरळ आलेला चेंडू सुटला. इनिंग संपल्यावर ती माझ्याकडे आली, "एरर नको गं, हिट लिही." म्हणजे चूक तिची नाही, समोरचीचा फटकाच चांगला, असं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मैदानावरची नजर न हलवता म्हणालात, "स्कोअरर ती आहे, तिला ठरवू दे." मी एररच लिहिली. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तुम्ही त्यावर एक शब्द काढला नाहीत. त्या वयात, आमच्या घरात तरी, मला कुणी काही ठरवू देत नव्हतं.

मुंबईची ती मॅच तुम्हाला आठवत असेलच. सावंतवाडी–दिवा पॅसेंजरने अंग आंबवून पोहोचलो होतो. समोरच्या संघाची एक मुलगी बॅटिंगचा ठरलेला क्रम मोडून आली आणि हिट मारून धावही मिळवून गेली. मी वही तुमच्या पुढे सरकवली. पुढचा चेंडू पडायच्या आत तुम्ही अंपायरकडे अपील केलंत. जिची पाळी होती ती बाद, धाव रद्द. त्या संध्याकाळी वडापावाचा पहिला मान माझा होता.

२००८ नंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून गेला तेव्हा कुणीतरी विचारलं, आता काय उपयोग? "त्यांनी बंद केला, आपण थोडाच केलाय?" एवढंच म्हणून तुम्ही मैदानावर रेघांची फक्की मारायला गेलात. टोकियोला तो परत आला, पुन्हा पॅरिसला वगळला, आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये आहे. तुमची फक्की मात्र दर मोसमात पडत राहिली.

मी आता शाळांच्या सामन्यांना अंपायर म्हणून उभी राहते. आऊट दिल्यावर प्रशिक्षक अंगावर धावून येतात. येऊ देत.

एकच मागणं आहे. जिमखान्याची खोली रिकामी करताना कपाटातल्या स्कोअरच्या वह्या रद्दीत घालू नका. गणपतीला गावी येते तेव्हा घेऊन जाईन. वाळवी लागलेल्यासुद्धा चालतील.

तुमची,
स्कोअरर