मालकाच्या नावावर संघ उभा राहत नाही

महोदय,

नव्या लीग संघांविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेला लेख ई-पेपरवर वाचला. मालक जितका नावाजलेला, तितका संघ लवकर पायावर उभा राहतो, असा त्याचा एकंदर सूर दिसला. मी बरीच वर्षं कॅनडात, टोरंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात राहतो. नेमक्या याच भरवशावर इथे एक संघ काढला गेला आणि त्याचं पुढे काय झालं ते गावाने पाहिलं. खेळ आइस हॉकीचा, आपल्याकडे फारसं कोणी पाहत नाही. पण मालकांची हौस आणि रिकाम्या खुर्च्या कुठल्याही खेळात सारख्याच.

१९९८ साली ओंटारिओ हॉकी लीगने दोन नवे संघ घेतले आणि लीग २० संघांची झाली. एक मिसिसागा आइसडॉग्ज, दुसरा शेजारच्या ब्रॅम्प्टनचा बटालियन. ही कनिष्ठ गटाची लीग, खेळाडू साधारण १६ ते २० वयाचे. घर सोडून एखाद्या यजमान कुटुंबाकडे राहायचं, दिवसा तिथल्याच शाळेत जायचं, मग सराव, आणि शनिवार-रविवार आला की बसने परगावी सामन्याला. एनएचएलमध्ये, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, जाणारी बरीच मुलं या लीगमधून पुढे येतात, त्यामुळे सामन्याला कुठल्या ना कुठल्या क्लबचा माणूस पारखायला बसलेला असतोच.

आइसडॉग्जच्या मालकांतलं मोठं नाव डॉन चेरी. सत्तरच्या दशकात बॉस्टन ब्रुइन्सचे प्रशिक्षक, आणि त्यानंतर शनिवार रात्रीच्या हॉकीच्या प्रसारणात भडक कोट आणि उंच कॉलर घालून ठणकावून बोलणारा माणूस. कॅनडात हॉकी न पाहणाऱ्यालाही हा चेहरा ओळखू यायचा. संघाच्या बोधचिन्हावर त्यांच्याच बुल टेरियर जातीच्या कुत्रीचं रूप होतं. पाच हजारांवर प्रेक्षक बसतील असं नवं कोरं स्टेडियम त्याच वर्षी तयार झालं होतं. आपल्या लेखात संघ यशस्वी होण्यासाठी ज्या ज्या गोष्टी लागतात म्हटलं आहे, त्या सगळ्या इथे पहिल्या दिवसापासून हजर होत्या.

पहिल्या हंगामात ६८ सामन्यांत ४ विजय आणि ६१ पराभव. दुसऱ्या हंगामात ९ विजय. तिसऱ्यात ३. तीन वर्षांत दोनशेच्या वर सामने आणि विजय १६.

यात सगळा दोष मालकांचा नव्हता, हे आधी सांगतो. नवा संघ आला की जुने संघ आपापले चांगले खेळाडू राखून ठेवतात आणि उरलेल्यांतून नव्याने निवड करायची असते. नव्या संसाराला शेजाऱ्यांनी माळ्यावरची पोचे आलेली भांडी द्यावीत, तसला प्रकार. त्यात ज्युनिअर हॉकीत सोळा वर्षांचा मुलगा आणि वीस वर्षांचा मुलगा यांच्या खांद्यांतच केवढा फरक असतो. नव्या संघात कोवळी पोरं जास्त, समोर तयार झालेले गडी. पहिल्या वर्षी मार बसणारच होता. ब्रॅम्प्टनलाही बसला, त्यांचेही पहिल्या हंगामात आठच विजय झाले.

त्या काळात एका ऑफिसमधल्या मित्राने मला सामन्याला नेलं होतं. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्रापर्यंत निकाल केव्हाच लागून गेला होता, लोक जॅकेटं चढवून निघायला लागले होते. आमच्या बाजूच्या गोलरक्षकावर सारखा पक (आइस हॉकीतली चेंडूऐवजीची रबरी चकती) येऊन आदळत होता. प्रत्येक गोल खाल्ल्यावर तो मुखवटा वर करायचा, बाटलीतलं पाणी तोंडावर मारायचा, काठीने डावा खांब, मग उजवा खांब ठोकायचा आणि पुन्हा वाकून उभा राहायचा. आमच्या पुढच्या रांगेत एक जोडपं शेवटपर्यंत बसून होतं. आईवडील असावेत असं वाटलं, पण मित्र म्हणाला, नाही, तो ज्यांच्या घरी राहतो ते हे.

हार समजण्यासारखी होती. तिसऱ्या वर्षी संघ पहिल्या वर्षापेक्षाही खाली गेला, ते मात्र समजण्यासारखं नव्हतं. चेरींचा आग्रह होता की संघात फक्त कॅनडा-अमेरिकेतली मुलं हवीत. लीगच्या नियमाने प्रत्येक संघाला दोन परदेशी खेळाडू घेता यायचे, बाकीचे संघ ते घेत होते, आणि युरोपातली ही मुलं बहुतेक वेळा संघातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूंत असायची. आधीच लंगडा असलेल्या संघाने तत्त्वासाठी त्या दोन जागांवर पाणी सोडलं. प्रशिक्षकही बदलत राहिले. त्यांत टोरंटो मेपल लीफ्सचा माजी कर्णधार रिक वाइव्हही होता. शेवटी २००१-०२ मध्ये मालक स्वतःच प्रशिक्षक झाले. टीव्हीवर गाजलेला माणूस सतरा वर्षांच्या मुलांच्या बाकामागे उभा राहिल्यावर कॅमेरे आले, ११ विजयही मिळाले, पण गटातल्या दहापैकी आठ संघ बाद फेरीत जातात तिथेही सलग चौथ्या वर्षी यांना जागा नव्हती.

सर्वांत वाईट जेसन स्पेझाचं वाटतं. मिसिसागातच वाढलेला मुलगा. पंधराव्या वर्षी ब्रॅम्प्टनकडून एक हंगाम खेळला, ६७ सामन्यांत ७१ गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून) मिळवले. लीगचे संघ दरवर्षी पाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या १९९९च्या निवडीत मिसिसागाने त्याला सर्वांत आधी उचललं. घरचा मुलगा घरी आला. पण हरणाऱ्या संघात तो दीड हंगामही टिकला नाही, विंडसरला त्याची अदलाबदल झाली. २००१ मध्ये ओटावाने एनएचएलच्या निवडीत त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, पुढे एनएचएलमध्ये तो हजाराच्या वर सामने खेळला. स्पेझा तरला. पण या अदलाबदलीत शाळेतली पोरं ऐन हंगामात गाव, घर आणि वर्ग बदलतात, आणि त्यांतली बहुतेक स्पेझा नसतात.

चेरींच्या मनात खोट होती असं मी म्हणणार नाही. पोरांवर त्यांचा जीव होता, असं त्या मित्राचं मत होतं आणि तो त्यांचा भक्त नव्हता. पण गाव त्यांना कळलं नव्हतं. मिसिसागातले निम्म्याहून अधिक रहिवासी कॅनडाबाहेर जन्मलेले आहेत. २०१९च्या नोव्हेंबरात युद्धातल्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ लावायचं लाल फूल स्थलांतरित लोक लावत नाहीत, असं ते टीव्हीवर बोलले. ते स्वतः राहत त्या मिसिसागाचं नाव घेऊन, ‘तुम्ही लोक’ म्हणत. दोन दिवसांत त्यांना कार्यक्रमातून काढलं. संघ विकून तोवर बराच काळ लोटला होता, त्यामुळे पराभवांशी याचा संबंध जोडणं अन्यायाचं होईल. तरी ज्या गावाच्या बळावर आपण पाच हजारांवर खुर्च्या भरायला निघालो होतो ते गाव कोणाचं, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला होता का, असं ते ऐकून वाटलंच. आमच्या मंडळाच्या गणपतीला शाळेचा हॉल ओसंडून वाहायचा, पण त्या संघाचं साधं पत्रक तिथे आलेलं मला आठवत नाही.

ब्रॅम्प्टनने वेगळं केलं. पहिल्या वर्षी ५७ सामने हरल्यावरही प्रशिक्षक स्टॅन बटलर यांना हात लावला नाही. दुसऱ्याच हंगामात विजय वीसच्या पुढे गेले, २००९ मध्ये संघ लीगच्या अंतिम फेरीत होता, आणि बटलर २०१९ पर्यंत त्या संघाबरोबर राहिले. इकडे चेरी बाहेर पडल्यावर आइसडॉग्जही सुधारले. २००४ मध्ये अंतिम फेरी गाठली, ग्वेल्फच्या संघाकडून हरले.

पण प्रेक्षक दोन्हीकडे तुटपुंजेच. २००७ मध्ये आइसडॉग्ज नायगाराजवळच्या सेंट कॅथरिन्सला गेले, मिसिसागाच्या पाव आकाराच्याही नसलेल्या गावात, आणि तिथे रुजले. बटालियनही २०१३ मध्ये उत्तरेकडच्या, जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या नॉर्थ बेला गेला. त्या गावाचा जुना संघ २००२ मध्ये दुसरीकडे गेला होता, तेव्हापासून लोक वाट पाहत होते. मिसिसागात नंतर आलेला स्टीलहेड्सही २०२४ मध्ये उठून ब्रॅम्प्टनला गेला. सात लाखांच्या शहरात आज या लीगचा संघ नाही.

म्हणून एक विनंती. आपल्याकडच्या नव्या संघाच्या मालकाची मुलाखत घ्यायला आपला प्रतिनिधी पुढच्या वेळी जाईल तेव्हा त्याने जर्सीचा रंग आणि उद्घाटनाला येणारे पाहुणे यांखेरीज थोडं आणखी विचारावं. मैदानाचा करार किती वर्षांचा आहे? शेवटचा क्रमांक आला तरी प्रशिक्षक किमान दोन हंगाम राहील का? अठराच्या आतली मुलं कुठे राहणार, आणि दहावी-बारावीच्या वेळी त्यांच्या शाळेचं काय? उत्तरं मिळाली तर ती मालकाच्या फोटोइतक्याच जागेत छापावीत.

आपला,
एक नियमित वाचक
मिसिसागा, कॅनडा