बाई, समासातल्या शेऱ्यांबद्दल आभार

आदरणीय बाईंना,
सादर नमस्कार.

बी.एड.च्या वर्गात भारदस्त शब्दांना तोटा नसतो. अध्ययन निष्पत्ती, पूर्वज्ञान, निदानात्मक चाचणी, उपचारात्मक अध्यापन. व्याख्या पाठ करायच्या, पेपरात उतरवायच्या आणि मोकळं व्हायचं, असा आमचा साधा बेत होता. तो तुम्ही तडीस जाऊ दिला नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

'विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची बेरीज समजेल' हे उद्दिष्ट आम्हा सगळ्यांच्या पाठटाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, ठरलेलं. तुम्ही समासात लिहायचात, 'समजलं हे कशावरून?' मग 'फरक सांगतो', 'कारण देतो', 'उदाहरण तयार करतो' अशी वर्गात दिसतील अशी क्रियापदं शोधावी लागायची. ब्लूम आणि सहकाऱ्यांचं शैक्षणिक उद्दिष्टांचं १९५६चं वर्गीकरण तेव्हा कुठे कामाला आलं.

एका सरावपाठात एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं होतं. अंशात अंश, छेदात छेद, काम फत्ते! मागच्या बाकावर निरीक्षण करत बसलेल्या तुम्ही उठून त्याच्याशेजारी जाऊन बसलात. "कसं केलंस, मला सांग ना." त्याने ऐटीत सांगितलं. तुम्ही 'चूक' हा शब्दही काढला नाहीत. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या दिल्यात, एकीचा अर्धा भाग रंगवायला लावलात, दुसरीचे पाच भाग करून त्यातले दोन. पट्ट्या एकीखाली एक ठेवून तो बघत राहिला आणि म्हणाला, "बेरीज करून कमी कसं झालं?" निदान आणि उपचार, दोन्ही घंटा व्हायच्या आत.

मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली आकारिक (शिकवणं चालू असतानाच्या) आणि संकलित (शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनातला भेद मांडला, हे आम्ही सनावळीसारखं घोकलं होतं. त्या मुलाला विचारलेल्या प्रश्नाने माझा पुढचा तास बदलला. तोच प्रश्न सत्राअखेर विचारला असता तर गुणपत्रिकेतला एक रकाना भरला असता. (आकारिकच्या नावाखालीही हल्ली रकानेच भरले जातात, पण तो विषय वेगळा.)

आणखी एक. सुरुवातीला पानभर शेरे देणाऱ्या तुम्ही वार्षिक पाठाच्या वेळी नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून वही परत केलीत. फार राग आला होता. आधार द्यायचा तसा वेळेवर काढूनही घ्यायचा, हे स्कॅफोल्डिंगच्या टिपणात मीच लिहिलं होतं, तरीही!

आता माझ्याकडे बी.एड.चे छात्राध्यापक पाठ घ्यायला येतात. मीही शेरे कमी करत नेते. त्यांनाही राग येतो. येऊ दे.

आपली,
एक माजी छात्राध्यापिका